डिझेल गाडीवाले स्वतःच पाने-पक्कड घेऊन बसतात, मग रोडस्टरवाले बॉनेटसुद्धा का उघडत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की बारा वर्षं डिझेल गाडीचं ऑइल, फिल्टर, ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू व्हावं म्हणून आतली हवा तापवणारी कांडी) सगळं घरीच बदलत आलात. आता एक जुनी, दोन सीटांची जर्मन रोडस्टर, म्हणजे छप्पर उघडणारी हौशी गाडी, घ्यायची आहे, पण 'हिचं कामही घरीच करीन' म्हटलं की त्या गाड्यांचे मालक तुमच्याकडे वेड्यासारखे बघतात. हा पैशाचा माज आहे का, असा तुमचा प्रश्न.

माज थोडा असतोच, नाही कशाला म्हणू? पण खरं कारण वेगळं आहे. डिझेल गाडी मालकाला अडवून अडवून शिकवते. रोडस्टर कुणाला अडवतच नाही, कारण तिच्यावाचून कुणाचं अडत नाही.

माझे वडील खडकीला किर्लोस्करांच्या इंजिन कारखान्यात फिटर होते. म्हणून मला हे येतं असं मात्र समजू नका. त्यांनी मला पान्याला हात लावू दिला नाही. "तू शिक आणि पंख्याखाली बस," एवढंच म्हणायचे. मला शिकवलं ते खंबाटकी घाटात एका ट्रक ड्रायव्हरनं. २००६ चा मे महिना, वाईला लग्न, गाडीत बायको, दोन पोरं आणि आहेराची पातेली. डिझेलचा काटा लाल रेषेखाली गेलेला दिसत होता, तरी 'सुरूरला भरू' म्हणून रेटत राहिलो. चढावर गाडी बंद. कुणाकडून तरी कॅनमधून पाच लिटर डिझेल आणून ओतलं, सेल्फ मारून मारून बॅटरी निम्मी केली, गाडी हूं की चूं करेना.

तो ड्रायव्हर खाली उतरला, एकदा वास घेतला आणि म्हणाला, "एअर घेतलीय गाडीनं. टाकी रिकामी झाली की पाइपांत हवा शिरते. पाने द्या." माझ्याकडे चाकाचा पाना सोडून काहीच नव्हतं. त्यानं स्वतःचे आणले. फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल केला आणि हातपंप दाबत राहिला. आधी नुसता फेस आला, मग बुडबुडे, मग डिझेलची स्वच्छ धार. स्क्रू आवळला. मग सतराच्या पान्यानं इंजेक्टरच्या पाइपांचे नट जरासे ढिले केले, मला सेल्फ मारायला सांगितला, डिझेल झिरपायला लागलं तसे एकेक आवळत गेला. गाडी धडधडत सुरू झाली. पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा घेतला नाही. जाताना म्हणाला, "डिझेल गाडी बाळगता, तर एवढं तरी शिकून घ्या." लग्नघरी उशिरा पोचल्याबद्दल जे ऐकावं लागलं त्यापेक्षा हे एक वाक्य जास्त लागलं.

पुढच्या रविवारी मी मंगळवार पेठेत जुन्या बाजारात होतो. रिंग पाने, गोटी पाने, पक्कड, सगळं सेकंड हँड. मग सुट्ट्या भागांसाठी नाना पेठेच्या चकरा सुरू झाल्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऑइल सांडलं म्हणून माझ्या एकट्यासाठी नोटीस लागली, ती आजही फलकावर आहे.

जुन्या डिझेल इंजिनाचा स्वभावच शिकवणाऱ्याचा. एकदा सुरू झालं की त्याला विजेची जवळपास गरज नाही. डिझेल, हवा आणि दाब, तीनच गोष्टी. त्यातलं काय बिघडलंय ते ते स्वतःच सांगतं. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय, आधी एअर फिल्टर बघा. थंडीत सकाळी पांढरा धूर आणि लांबलेला सेल्फ म्हणजे बहुधा ग्लो प्लग. तो साध्या मल्टिमीटरनं तपासता येतो. निळा धूर दिसला की मात्र पाकीट तपासायचं.

आता दुसरी बाजू. माझा आतेभाऊ बाणेरला राहतो. त्याच्याकडे पत्र्याचं घडीचं छप्पर असलेली जर्मन टू-सीटर आहे. ताम्हिणीत छप्पर उघडायला गेला, बटण दाबलं, काहीच हललं नाही. टो करून गाडी पुण्यात आणली. निदान काय, तर डिकीतला सामानाचा आडपडदा नीट अडकवलेला नव्हता. घडी झालेलं छप्पर खाली सामानावर आपटू नये म्हणून तो पडदा जागेवर असल्याशिवाय छप्पर उघडतच नाही. पडदा अडकवायला दोन सेकंद पुरे होते. टो गाडीचे पैसे त्यानं मला अजून सांगितलेले नाहीत.

यात त्याला हसण्यासारखं फार नाही. ती गाडी रविवारी सकाळी निघते, लोणावळ्याला नाश्ता करून परत येते आणि आठवडाभर कव्हरखाली झोपते. वाटेत अडली तरी घरी दुसरी गाडी आहे. तिचे आजारही उभं राहण्याचे असतात: उतरलेली बॅटरी, वाळलेली रबरं, छपराच्या हायड्रॉलिकची गळती. यातलं काही धुरातून कळत नाही आणि आवाजातूनही नाही. पोर्श बॉक्स्टरचं इंजिन तर सीटच्या मागे इतकं दडवलेलं की पुढचं झाकण उघडा किंवा मागचं, हाती डिकीच लागते.

त्यात विक्रीचा हिशेब आहेच. जुनी डिझेल घेणारा कान लावतो, ऑइलचं झाकण उघडून वाफ बघतो. सर्व्हिसचं पुस्तक मागत नाही. रोडस्टर घेणारा पहिल्यांदा त्या पुस्तकातले शोरूमचे शिक्के मोजतो. तुम्ही कितीही चांगलं ऑइल घातलं तरी तिथे शिक्का नाही म्हणजे भाव पडला.

हा फरक ब्रँडचा नाही. बजाज टेम्पोच्या, म्हणजे आताच्या फोर्सच्या, ट्रॅक्समध्ये वर्षानुवर्षं मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं डिझेल इंजिन बसत आलं. तेच घराणं मर्सिडीजच्या २४० डी या मोटारीत होतं. म्हणजे खेडोपाडी वडापच्या गाड्यांवर झाडाखाली मिस्त्री जे इंजिन उघडत होते ते मर्सिडीजचंच. त्याला कुणी घाबरलं नाही.

तुमच्यापुरतं सांगतो. रोडस्टर घ्या, पण घरी करण्याची कामं निवडून घ्या. पुढच्या काचेखालचे पाण्याचे निचरे पावसाळ्याआधी साफ करा, झाडाची पानं अडकली की पाणी आत वायरिंगपर्यंत जातं. छपराच्या रबरांना त्यांचं खास ग्रीस लावा. उभ्या गाडीला बॅटरीचा ट्रिकल चार्जर, म्हणजे हळूहळू चार्ज करत राहणारा चार्जर, जोडून ठेवा. एअर फिल्टर, ब्रेक पॅड, ऑइलही जमेल, बिलं मात्र जपून ठेवा. छप्पर उचलणारे हायड्रॉलिक सिलिंडर आणि एअरबॅगच्या वायरींना हात लावू नका. मर्सिडीज एसएलके ३५० बघत असाल तर तिच्या सुरुवातीच्या काही वर्षांच्या इंजिनांत बॅलन्स शाफ्टचं (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचं) दातेरी चाक लवकर झिजतं आणि त्यासाठी अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. इंजिन नंबर जाणकाराला दाखवूनच पैसे द्या.

आणि डिझेलचा हात घेऊन नव्या डिझेलवर जाऊ नका. घाटातली ती नट ढिले करायची युक्ती कॉमन रेल इंजिनावर, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनावर, कधीही नाही. तिथे दाब १,६०० बार, काही गाड्यांत त्याहूनही जास्त असतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या सातशे पट. ती धार कातडी फोडून आत जाते. २०२० नंतरच्या बीएस ६ (धुराच्या कडक नियमांच्या) डिझेलवाल्यांना मी आता रोडस्टरवाल्यांसारखंच बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरची वाट बघत बसलेलं पाहतो.

आतेभावाकडे हल्ली डिकीत एक जुना टूथब्रश आणि ग्रीसची ट्यूब असते. दर महिन्याला गुपचूप रबरं पुसतो. लोणावळ्याच्या मित्रमंडळात मात्र विचारलं तर सांगतो, "शोरूमला दिली होती."