पारंपरिक ओवी आम्हीच गायलो, तरी यूट्यूबवर म्युझिक कंपनीचा क्लेम आला. चाल त्यांची होते का?

नाही, जात्यावरच्या ओवीची चाल कुठल्याच कंपनीची होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चालीवरचा हक्क ती बांधणारा हयात असेपर्यंत आणि पुढे ६० वर्षं, आणि ही चाल तर पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या तोंडून आलेली, तिला मालक कुठून आणणार. कंपनीचं काय असतं तर तिचं रेकॉर्डिंग आणि मधे नवीन म्युझिक टाकलं असेल तर तेवढंच. यूट्यूबच्या सिस्टिमला चाल जुळल्यासारखी वाटली की क्लेम आपोआप पडतो, त्यामुळे सगळं तुम्हीच गायलं-वाजवलं असेल तर यूट्यूबवर बिनधास्त डिस्प्यूट, म्हणजे क्लेमवर हरकत, टाका, कंपनीला उत्तराला ३० दिवस असतात. फक्त चाल खरंच पारंपरिक आहे ना ते आधी बघा, 'मी डोलकर' कितीतरी लोक कोळ्यांचं जुनं गाणं समजतात, पण शब्द शांता शेळक्यांचे आणि चाल हृदयनाथ मंगेशकरांची आहे, तिथे परवानगी लागणारच.