दातांच्या तारा लवकर निघाव्यात म्हणून शस्त्रक्रिया : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझं वय 29. पुढचे दात दाटीने एकमेकांवर चढले आहेत. तारांना दोन वर्षं लागतील असं सांगितलंय. हाडाला छेद दिले की दात लवकर सरकतात म्हणतात. हाडाला इजा केल्यावर काम वेगाने कसं होईल?

उत्तर : इजेमुळेच होतं. तारेचा दाब ज्या बाजूला पडतो तिथलं हाड काही पेशी विरघळवतात, आणि दात सरकल्यावर मागे उरलेल्या जागेत दुसऱ्या पेशी नवं हाड घालतात. ही मोडजोड संथ चालते. दाताचा नेहमीचा वेग महिन्याला साधारण 1 मिलिमीटर. पण हाडाला जखम झाली की ती भरून काढण्यासाठी शरीर त्या भागातली मोडजोड एकदम वाढवतं. अमेरिकेतले अस्थिरोगतज्ज्ञ हॅरल्ड फ्रॉस्ट यांनी 1983 मध्ये ही प्रक्रिया सविस्तर मांडली.

दंतवैद्यकात छेदांचा प्रयोग त्याच्याही आधीचा आहे. 1959 मध्ये हाइनरिश कोले यांनी दातांमधल्या कठीण हाडात छेद घेऊन दात सरकवले. हाडाचा ठोकळा सुटा होतो आणि दाताला घेऊन सरकतो, असं तेव्हा मानलं गेलं. पुढे अमेरिकेतल्या विल्को या दंततज्ज्ञ बंधूंनी रुग्णांचे सीटी स्कॅन तपासले आणि 2001 मध्ये निष्कर्ष मांडला : ठोकळे सरकत नाहीत, छेदाभोवतीच्या हाडातली खनिजं काही काळ कमी होतात आणि पुन्हा भरतात.

हे मी मुद्दाम सांगतेय, कारण तुमचा निर्णय यावरच ठरायला हवा. हाड मऊ झालंय म्हणून वेग वाढतो, आणि शरीर ते हाड पुन्हा घट्ट करणारच. पहिल्या एक-दोन महिन्यांत परिणाम सर्वांत जास्त असतो, चारेक महिन्यांत तो बहुतेक ओसरतो. तेवढ्या अवधीत दर दोन आठवड्यांनी जाऊन तारा बदलून किंवा आवळून घ्याव्या लागतात. ते जमणार नसेल तर शस्त्रक्रियेचा त्रास तेवढा पदरी पडेल.

प्रश्न : एका डॉक्टरांनी कॉर्टिकोटॉमी सुचवली, दुसऱ्यांनी पिझोसिजन, तिसरे म्हणाले बारीक भोकं पुरतील. काय फरक आहे?

उत्तर : फरक मुख्यतः जखमेच्या आकाराचा. कॉर्टिकोटॉमीत हिरडी उलगडून हाड उघडं करतात, दातांच्या मुळांमध्ये बाहेरच्या कठीण थरापुरते छेद घेतात आणि टाके घालतात. सूज आणि दुखणं काही दिवस राहतं. पिझोसिजन 2009 च्या सुमारास पुढे आलं. त्यात हिरडी उलगडत नाहीत. लहान उभी चीर देऊन अल्ट्रासॉनिक कंपनांच्या उपकरणाने सुमारे 3 मिलिमीटर खोल हाड कापतात. भोकांच्या पद्धतीत, म्हणजे मायक्रो-ऑस्टिओपर्फोरेशनमध्ये, चीरही नसते. हिरडीतूनच हाडात काही बारीक छिद्रं पाडतात. तिन्ही गोष्टी जागेवरच्या भुलीत होतात.

जखम जितकी लहान तितका त्रास कमी, आणि बहुधा परिणामही कमी. भोकांबद्दल 2013 मधल्या एका छोट्या चाचणीत 28 दिवसांत दुपटीहून जास्त वेग दिसला आणि ती पद्धत झपाट्याने पसरली. नंतरच्या अनेक चाचण्यांत तसा फरक सापडला नाही. त्यामुळे केवळ वेगासाठी भोकं पाडून घ्या, असं मी आज कुणाला सांगणार नाही.

कॉर्टिकोटॉमीचं एक वेगळं बलस्थान आहे. विल्को बंधूंच्या पद्धतीत छेदांवर हाडाची भुकटी भरतात. खालच्या पुढच्या दातांवरचं हाड कित्येकांत अगदी पातळ असतं. अशा वेळी दात पुढे आणायचे असतील तर मुळं हाडाबाहेर डोकावण्याचा आणि हिरडी खाली सरकण्याचा धोका असतो. तिथे भुकटी भरून हाडाची जाडी वाढवणं हे शस्त्रक्रियेचं सबळ कारण ठरू शकतं, वेळ वाचो वा न वाचो. तुमच्या डॉक्टरांनी सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय) स्कॅन दाखवून हे सांगितलं असेल तर नीट ऐका.

प्रश्न : ‘उपचाराचा काळ निम्मा’ हा दावा कितपत खरा?

उत्तर : उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2015 च्या आढाव्यात या शस्त्रक्रियांच्या निकषांत बसणाऱ्या चारच चाचण्या मिळाल्या, सहभागी मिळून 57 जण. त्यात वेग थोडा वाढल्याचं दिसलं, पण पुरावा कमी दर्जाचा ठरला. आणि ज्यासाठी रुग्ण पैसे मोजतो तो संपूर्ण उपचाराचा काळ त्या चाचण्यांत थेट मोजलेलाच नव्हता.

एखादा दात, उदाहरणार्थ सुळा, मागे नेताना पहिल्या दोन महिन्यांत मिळालेली आघाडी आणि तारा निघण्याची तारीख, यांच्यामध्ये बरंच काम उरतं : मुळं सरळ करणं, वरखालचे दात एकमेकांवर नीट बसवणं, शेवटच्या बारीक दुरुस्त्या. शेवटच्या टप्प्यात छेदांची मदत संपलेली असते. म्हणून दाटी सोडवताना किंवा मोठी जागा बंद करताना काही महिने वाचू शकतात. सरसकट निम्मा काळ सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

प्रश्न : मुलगा 13 वर्षांचा आहे. लवकर संपवायचंय.

उत्तर : नको. वाढत्या वयात हाडाची मोडजोड मुळातच जलद असते. या वयात उशीर होतो तो बहुतेक वेळा तुटलेल्या ब्रॅकेटमुळे (दाताला चिकटवलेला, तार धरणारा तुकडा), न लावलेल्या रबरांमुळे आणि चुकलेल्या भेटींमुळे.

प्रश्न : मी 54 वर्षांची आहे, हाडं ठिसूळ झाल्याने औषध चालू आहे. पिझोसिजन करता येईल का? वेदनेसाठी घरातली आयबुप्रोफेन चालेल?

उत्तर : औषधाचं नाव आधी दंतवैद्यांना आणि ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं आणि डेनोसुमॅब हाडाचं विरघळणं रोखतात. त्यामुळे दात सरकणं मंदावू शकतं, आणि हाडाची जखम न भरता जबड्याचं हाड मृत होण्याचा धोका असतो, कमी असला तरी गंभीर. निव्वळ वेग वाढवण्यासाठी तो पत्करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. औषध परस्पर बंदही करू नका. हिरड्यांचा चालू आजार, आटोक्यात नसलेला मधुमेह, धूम्रपान, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणं, या स्थितींतही आधी त्यांचा बंदोबस्त हवा.

आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातलं रसायन कमी करतात, आणि हाडाची मोडजोड चालायला तेच लागतं. ज्यासाठी छेद घेतले त्यालाच खीळ बसू शकते, म्हणून अशा रुग्णांना सहसा पॅरासिटामॉल देतात. तुमच्यासाठी कोणती गोळी, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील.

प्रश्न : दीड वर्ष तारा आहेत. एका बाजूची जागा बंदच होत नाही. आता छेद घेऊन उपयोग होईल का?

उत्तर : आधी ती का अडली ते शोधायला सांगा. दात हाडाला चिकटून एकजीव झाला असेल तर मुळाभोवतीचा तंतूंचा पडदा तिथे नसतो, आणि त्याशिवाय छेदांनी दात सरकत नाही. तार ब्रॅकेटमध्ये अडकली असेल, वरखालचे दात एकमेकांना अडवत असतील, तर उपाय वेगळे आणि सोपे आहेत. ही कारणं नसली आणि हाडच दाट व अरुंद असेल, तर त्या दातापुरते छेद विचारात घेता येतात. मात्र मागच्या ज्या दाढेच्या आधाराने ओढायचं तिच्याभोवतीचं हाड अस्पर्श राहायला हवं. तेही मऊ झालं तर दाढच पुढे येईल. आधार दाढेचा घेणार की हाडात बसवलेल्या स्क्रूचा, हे छेद घेण्याआधी विचारून घ्या.