रूळ असताना वाफेचं इंजिन ट्रेलरवरून का नेतात, आणि ते चढवतात कसं

तुमच्या भाच्याने मँचेस्टरजवळच्या मोटरवेवर ट्रेलरवरून चाललेलं वाफेचं इंजिन पाहिलं आणि तुम्ही विचारलंत की रूळ असताना हा खटाटोप कशासाठी, आणि एवढं धूड चढवतात तरी कसं. तुमच्या गावाजवळ चबुतऱ्यावर उभं असलेलं नॅरोगेज इंजिन असंच हलवता येईल का, हेही विचारलंय. मी इंग्लंडमधल्या एका हेरिटेज रेल्वेवर बरीच वर्षं सुट्टीच्या दिवशी काम करतोय. इंजिन यायचं किंवा जायचं असलं की चढवाउतरवीला हात लावणाऱ्यांत मी असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ‘का’. इथल्या अनेक हेरिटेज रेल्वे म्हणजे बंद पडलेल्या फाट्यांचे वाचवलेले तुकडे आहेत आणि त्यांचा मुख्य जाळ्याशी सांधाच उरलेला नाही. ससेक्समधली ब्लूबेल रेल्वे १९६० साली सुरू झाली. हेवर्ड्स हीथकडे जाणारा तिचा जोड १९६३ साली बंद झाला आणि पुढच्या वर्षी रूळही उखडले. मार्च २०१३ मध्ये ईस्ट ग्रिन्स्टेडला पुन्हा सांधा जुळेपर्यंत, म्हणजे जवळजवळ ५० वर्षं, तिथे आलेलं प्रत्येक इंजिन रस्त्याने आलं.

सांधा असला तरी प्रश्न सुटत नाही. आजच्या मुख्य मार्गावर धावायचं तर इंजिनावर सुरक्षा यंत्रणा हव्यात, नोंदी ठेवणारं उपकरण हवं, तपासणीचं प्रमाणपत्र हवं. आग न पेटवता नुसतं ओढत न्यायचं म्हटलं तरी चाकं, ब्रेक, बेअरिंग यांची तपासणी चुकत नाही. पंचवीस मैलांच्या वेगाने आपल्याच दहा मैलांत फिरणाऱ्या इंजिनासाठी हे कोणी करत नाही.

साउथ वेल्समधल्या बॅरी इथल्या वुडहॅम यांच्या भंगार यार्डातून १९६८ ते १९९० या काळात २१३ इंजिनं वाचवली गेली. इथल्या हेरिटेज रेल्वेंचा निम्मा प्राण त्या यार्डातून आला असं मी मानतो. सुरुवातीची काही रुळांवरूनच ओढत नेली. पण समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनांची बेअरिंग वाटेत तापायची. मग पुढची ट्रेलरवरून जाऊ लागली. आज इथे जड वाहतूकदारांकडे या कामात जी सफाई दिसते, ती बरीचशी त्या काळात कमावलेली आहे.

आता ‘कसं’. लोकांना वाटतं अवघड भाग रस्त्यावर असतो. माझं मत पक्कं आहे की खरी जोखीम दोन्ही टोकांच्या त्या वीस-पंचवीस मीटरांत असते. इंजिन रॅम्पवर असतं तेव्हा.

उदाहरणाला ‘ब्लॅक फाइव्ह’ घेऊ. हे इथलं अगदी नेहमीचं इंजिन. चालू स्थितीत ते सुमारे ७२ टन भरतं आणि भरलेला टेंडर, म्हणजे मागे जोडलेला कोळशा-पाण्याचा डबा, आणखी ५४ टन. टेंडरात ४००० गॅलन पाणी आणि ९ टन कोळसा मावतो, म्हणजे दोन्ही काढले की तो जेमतेम २७ टनांवर येतो. बॉयलरचं पाणीही सोडून देतात. मग इंजिन आणि टेंडर वेगळे करून दोन ट्रेलरवर चढवतात.

वेगळं करणं वाचायला सोपं वाटतं. दोघांना जोडणारी मोठी खीळ वर्षानुवर्षं जागची हललेली नसते, खड्ड्यात उतरून ती खालून सोडवावी लागते, कधी तापवावी लागते. आणि एक गोष्ट नव्या माणसाला हमखास माहीत नसते: इथल्या टेंडरवाल्या इंजिनांचा हातब्रेक सहसा टेंडरवर असतो. इंजिनाचा स्वतःचा ब्रेक वाफेवर चालतो. टेंडर सोडला आणि बॉयलर थंड असला की तुमच्यासमोर साठ-पासष्ट टनांची ब्रेक नसलेली वस्तू चाकांवर उभी असते. पुढे सगळा भरवसा विंचच्या, म्हणजे तार गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राच्या, तारेवर आणि चाकाखाली सरकवायच्या पाचरींवर. म्हणून चाक जसजसं पुढे जातं तसतशी त्याच्यामागे पाचर सरकवत राहणारा माणूस त्या दिवशीचा सगळ्यात महत्त्वाचा माणूस असतो. तारेच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. हा नियम आमच्याकडे ओरडून पाळला जातो आणि तसाच पाळला गेला पाहिजे.

रॅम्पचं गणित करून बघा. ट्रेलरवरचे रूळ जमिनीपासून एक मीटर उंच आणि रॅम्प १० मीटर लांब, म्हणजे १:१० चढ. रिकामं इंजिन ६५ टन धरलं तर नुसत्या चढाची ओढ साडेसहा टन. रॅम्प २० मीटर केला की तीच सव्वातीन टन. पण रॅम्प लांब ठेवण्याचं कारण फक्त ओढ नाही. रॅम्प जिथे सुरू होतो तिथे रुळांची रेषा खोलगट होते. तिथे पुढच्या-मागच्या चाकांवर भार येतो, मधली लोंबू लागतात आणि चाकापुढची लोखंडी दांडी रुळाला टेकते. माथ्यावर, जिथे रॅम्प संपून ट्रेलर सुरू होतो, तिथे नेमकं उलट: मधली चाकजोडी उंचवट्यावर येते, टोकाच्या अधांतरी होतात आणि सगळा भार एकाच धुरेवर येतो. तिथे स्प्रिंगची पाटी तुटू शकते, राखेची पेटी घासू शकते. म्हणून चांगली टोळी सकाळचा बराच वेळ स्लीपर आणि फळ्या रचून ही दोन वळणं सौम्य करण्यात घालवते. बघणाऱ्याला वाटतं अजून काही सुरूच झालेलं नाही. माझ्या मते तेव्हाच निम्मं काम झालेलं असतं.

चढवताना सिलिंडरच्या खालच्या तोट्या उघड्या ठेवायच्या, नाहीतर पिस्टन हवा दाबत राहतो आणि इंजिन हिसके देतं.

दिशा आणि क्रम यांचा विचार तर फोनवरच, कित्येक दिवस आधी झाला पाहिजे. इंजिन ज्या टोकाने ट्रेलरवर चढतं त्याच टोकाने उतरतं. बहुतेक छोट्या रेल्वेंकडे इंजिन फिरवायची टेबलं नाहीत. चुकीच्या तोंडाने उतरलेलं इंजिन तिथे असेपर्यंत तसंच राहणार. टेंडर आधी उतरवायचा की इंजिन, हेही यार्डाच्या रचनेवर ठरतं. क्रम चुकला की एकाच्या वाटेत दुसरं अडकतं.

रस्त्याचा भाग त्या मानाने शिस्तीचा आहे. इथे साध्या मालट्रकची कमाल मर्यादा ४४ टन. त्यापुढच्या भारासाठी वेगळा सरकारी आदेश आहे. त्याचा सगळ्यात वरचा वर्ग १५० टनांपर्यंत जातो आणि त्या वर्गाला मोटरवेवरही ताशी ४० मैलांची मर्यादा आहे. पोलिसांना, रस्ते आणि पूल सांभाळणाऱ्यांना आधी कळवावं लागतं. उंचीची बाब नाजूक. इथले पूल साधारण १६ फूट ६ इंच, म्हणजे ५.०३ मीटर मोकळीक ठेवून बांधतात, त्याहून बुटक्या पुलावर पाटी असते. इंजिन स्वतःच चार मीटरच्या आसपास, म्हणून ट्रेलरचा तळ जितका खाली तितकं बरं. तरीही नाही बसलं तर धुराडं, सेफ्टी व्हॉल्व्ह किंवा केबिनचं छप्पर उतरवतात.

लांबच्या प्रवासाचं माझ्या आवडीचं उदाहरण २०१२ चं आहे. ‘मॅलार्ड’ या वाफेच्या इंजिनाने ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैलांचा विक्रम केला. त्याच्या ७५ वर्षांच्या निमित्ताने त्याच वर्गाची दोन इंजिनं, म्हणजे तिच्या दोन बहिणी, ‘ड्वाइट डी. आयझेनहॉवर’ आणि ‘डोमिनियन ऑफ कॅनडा’, अमेरिकेतल्या ग्रीन बे आणि कॅनडातल्या मॉन्ट्रियलजवळच्या संग्रहालयांतून निघाल्या. हॅलिफॅक्सपर्यंत रेल्वेने, तिथून जहाजाने लिव्हरपूलला आणि शेवटचा टप्पा रस्त्याने शिल्डनला. जुलै २०१३ मध्ये यॉर्कला त्या वर्गाची उरलेली सहाही इंजिनं एका जागी उभी राहिली. ज्यांनी ती पाहिली त्यांतल्या फार थोड्यांना त्यामागच्या रॅम्पची आठवण असेल. मला ती असते.

अंतर अगदी थोडं असेल तर ट्रेलर लागतच नाही. अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिक रेल्वेचं ‘बिग बॉय’ ४०१४ हे अजस्र इंजिन कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथल्या जत्रेच्या मैदानातून काढताना पार्किंगच्या जागेवर रुळांचे तयार तुकडे अंथरले. इंजिन पुढे सरकलं की मागचे तुकडे उचलून पुढे टाकायचे. मे २०१९ मध्ये ते इंजिन वाफेवर धावलं.

आता तुमच्या नॅरोगेज इंजिनाकडे येतो, कारण तुमचा खरा प्रश्न तोच दिसतो. लहान इंजिन खूपच सोपं. माथेरानसाठी १९०७ साली ओरेनस्टाइन अँड कोपेलने बांधलेलं ७४० क्रमांकाचं इंजिन समुद्र ओलांडून आज इंग्लंडमध्ये लेटन बझर्डच्या रेल्वेवर आहे. नेरळच्या घाटात चढलेलं इंजिन बेडफर्डशरमध्ये बघताना मला दर वेळी भरून येतं.

भारतात साध्या मालवाहू गाडीची रुंदी २.६ मीटर धरतात. नॅरोगेज इंजिन सहसा त्यात बसतं, ब्रॉडगेज बसत नाही. दुसरी मर्यादा बहुतेकांच्या लक्षात येत नाही ती रेल्वे फाटकाची. विजेच्या मार्गावरच्या फाटकाआधी रस्त्यावर लोखंडी कमान असते, तिची मोकळी उंची ४.६७ मीटर. चार मीटरहून उंच ब्रॉडगेज इंजिन ट्रेलरवर ठेवलं की ते तिथून जाणार नाही. मग रुळांवरून जाणारा रस्त्याचा पूल शोधा नाहीतर धुराडं वगैरे उतरवून इंजिन बुटकं करा. तुमच्या इंजिनाला ही अडचण येऊ नये, पण मोजल्याशिवाय गृहीत धरू नका.

चबुतऱ्यावर मात्र रॅम्प जमत नाही. चाकं गंजून धरलेली, रुळाचा तुकडा इंजिनाएवढाच, भोवती बाग आणि कठडा. तिथे क्रेनच हवी. आणि इथे कळकळीने सांगतो: गावातल्या दोन हायड्रा, म्हणजे चाकांवरच्या छोट्या क्रेन, बोलावून उचलू नका. हायड्रावर लिहिलेली क्षमता हात जवळ असतानाची असते. हात लांबवला की ती झपाट्याने घटते आणि कठड्याच्या पलीकडून उचलायचं तर हात लांबवावाच लागतो. एकच पुरेशी मोठी क्रेन घ्या आणि वर आडवा बीम लावा, म्हणजे पट्टे आत येऊन केबिन किंवा बॉयलरचा पत्रा चेपणार नाहीत. पट्टे चौकटीखाली जातील असे घ्या, बॉयलरला किंवा बफरला (टोकाच्या धक्का झेलणाऱ्या भागाला) कधीच बांधू नका. जमलं तर रेल्वेच्या अपघात मदत गाडीवर काम केलेला एखादा निवृत्त माणूस शोधा. घसरलेलं इंजिन जॅकवर उचलून रुळावर ठेवणाऱ्यांना भार कुठे घ्यायचा ते नजरेनेच कळतं.

हलवण्याआधी बॉयलरभोवतीचं आवरण तपासून घ्या. जुन्या इंजिनांत तिथे अॅस्बेस्टॉस असतं आणि फाटलेल्या पत्र्यातून त्याची धूळ टोळीच्या श्वासात जाते. आणि इंजिन रेल्वेच्या मालकीचं असेल तर लेखी परवानगी हातात येईपर्यंत एक बोल्टही काढू नका.

पुढचं नेमकं सांगायला मला एवढं हवं: इंजिनाच्या पाटीवरचा वर्ग आणि क्रमांक, रुळापासून धुराड्याच्या टोकापर्यंतची उंची, पुढच्या आणि मागच्या बफरांमधलं अंतर, दोन्ही बाजूंनी चाकांचे फोटो आणि चबुतऱ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या जमिनीचा एक फोटो, शक्यतो पावसानंतरचा.