अभयारण्याच्या मधोमध माझं पाच एकर शेत आहे (जि. चंद्रपूर). सरकार ते घेऊ शकतं का?

हो, घेऊ शकतं, पण मोबदला दिल्याशिवाय नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधली कलमं १८ ते २६ एकदा वाचून काढा, सगळी रीत तिथेच आहे. अभयारण्याची उद्घोषणा झाली की दोन महिन्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी दावा करायचा: हक्क कोणता, मोबदला किती मागता. ही मुदत चुकवू नका. भाव २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ठरतो: आसपासच्या खरेदीखतांवरून बाजारभाव, त्याला ग्रामीण गुणक (ग्रामीण भागासाठी बाजारभावाला ज्या आकड्याने गुणतात तो), त्यात विहीर-झाडांची किंमत आणि या सगळ्या बेरजेवर तेवढीच, म्हणजे १०० टक्के, दिलासा रक्कम. म्हणून मोजणीच्या दिवशी शेतात हजर राहा. धुऱ्यावरचे मोह, सागाची झाडं, विहिरीचं बांधकाम, सगळं पंचनाम्यात आलंय का ते पाहूनच सही करा. तिथे सुटलेलं झाड नंतर कागदावर आणणं फार अवघड जातं. जंगलातली अशी शेतं मोकळी व्हावीत, वन्यप्राण्यांना सलग रान मिळावं, असं मला मनापासून वाटतं. पण शेतकऱ्याचा पै न पै चुकता करूनच.

एखादी संस्था थेट विकत मागत असेल तर घाई नको. विदर्भाच्या १९५८ च्या कूळकायद्यानुसार (कलम ८९) बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकायला सहसा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

मात्र हे सगळं मालकीच्या सातबाऱ्याला लागू. जमीन वनहक्क पट्ट्याची (वनहक्क कायद्याखाली कसायला मिळालेली जंगलजमीन) असेल तर ती विकताच येत नाही. आणि वन्यजीवांसाठी तिथून हलवायचं तर २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे ग्रामसभेची लेखी संमती लागते.