ताईला विचारा: पोरं शाळेत जातात, आता मी नर्सिंगला जाऊ का?

प्रश्न: ताई नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातली, खेड्यात राहते, वय ३१. बारावी आर्ट्स झाली अन् लगेच लग्न झालं. पोरगी तिसरीत आहे, पोरगा यंदा पहिलीत गेला. चार एकर कोरडवाहू आहे, कापूस अन् तूर. मागच्या वर्षी सासऱ्यांना लकवा मारला, तेव्हापासून त्यांची कूस बदलणं, नळीतून भरवणं, जखम होऊ न देणं सगळं मीच करते, उपकेंद्रातल्या सिस्टरनं शिकवलं. त्याच म्हणाल्या की तू नर्सिंग कर. तालुक्याला एक क्लास आहे, एका वर्षात नर्सिंग डिप्लोमा देतात, फी ४५ हजार, नोकरीची हमी म्हणतात. मिस्टर म्हणतात कापूस विकला की भरून टाकू. सासूबाई म्हणतात लेकरं टाकून आता काय शिकतं. मले तर काही सुचूनच नाही राहिलं. नाव छापू नका.

उत्तर: कापसाचे पैसे त्या क्लासला देऊ नको, बाकीचं मग बोलू. नर्स म्हणून काम करायचं तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते, आणि बारावीवरून थेट एका वर्षात ती नोंदणी मिळवून देणारा कोर्सच नाही. असे क्लास आता तालुक्या-तालुक्याला निघालेत, फ्लेक्सवर स्टेथोस्कोप घातलेल्या पोरीचा फोटो आणि 'शासनमान्य' हे एवढं मोठं, पण कोणाची मान्यता ते भिंग घेऊन शोधावं लागतं. तिथून निघालेल्या पोरी खाजगी दवाखान्यात मदतनीस म्हणून राबतात. त्या कामाला मी नावं ठेवत नाही, मेहनतीचंच काम आहे ते, पण आरोग्य सेविकेची जाहिरात निघाली की त्यांचा फॉर्मच चालत नाही. तुला खात्री करायची असेल तर जाऊन दोनच गोष्टी विचार: परीक्षा कोण घेतं, आणि पास झाल्यावर कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर मिळतो का. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसविका) आणि जीएनएम (परिचारिका-प्रसविका) या मान्य कोर्सची परीक्षा आपल्या राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. त्यावर "ते आमचं सेटिंग आहे" असं काही ऐकू आलं की चप्पल घाल आणि निघ.

आता तुझ्यासाठी काय उघडं आहे ते बघू. एएनएम २ वर्षांचा, जीएनएम ३ वर्षांचा, दोन्हीत शेवटचे ६ महिने इंटर्नशिप. बीएस्सी नर्सिंग ४ वर्षांचं, पण त्याला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी लागतं म्हणून ते तुझ्यासाठी बंद. वयाची अट १७ ते ३५, म्हणजे तू बसतेस, पण दोन-तीन वर्षं विचारात घालवण्याइतकी मोकळीक नाही. लग्न झालेल्या बाईला प्रवेश चालतो, हे सासूबाईंना मुद्दाम सांग, कारण जुन्या बायकांच्या डोक्यात सिस्टर म्हणजे बिनलग्नाची असं पक्कं बसलेलं असतं. जीएनएमला बारावीत ४० टक्के आणि इंग्रजी विषयातही वेगळे ४० टक्के लागतात, तेव्हा आधी पेटी उघडून मार्कशीट काढ. मला विचारशील तर इंग्रजीत बसत असशील तर जीएनएम कर. एकच वर्ष जास्त, पण स्टाफ नर्सची वाट उघडते आणि पुढे २ वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे जीएनएमनंतरची नर्सिंगची डिग्री, करता येते. पण जवळच्या सरकारी शाळेत एएनएमला नंबर लागला आणि जीएनएम म्हणजे दूरचं खाजगी कॉलेज आणि डोक्यावर कर्ज असा हिशोब असेल, तर बिनधास्त एएनएम घे, त्यानंतरही जीएनएम करता येतं.

अभ्यासाची भीती तू लिहिली नाहीस पण ती असणारच, मी इतकी वर्षं नर्सिंगच्या पोरींना शिकवलं त्यावरून सांगते. बारावीनंतर मोठा गॅप पडलेल्या बायका दोन जागी अडकतात, एक इंग्रजी पुस्तक आणि दुसरं गणित. गणित म्हणजे हे बघ: ५०० एमएल सलाईन ८ तासांत द्यायचं आहे, सलाईनच्या नळीतून २० थेंब पडले की १ एमएल होतं, तर मिनिटाला किती थेंब ठेवायचे? पाचशे गुणिले वीस म्हणजे १० हजार थेंब, ८ तासांची ४८० मिनिटं, भागाकार केला की साधारण २१. झालं. मग घड्याळ हातात धरून कॉटजवळ उभं राहायचं आणि थेंब मोजत नळीवरचं चाक फिरवायचं, बारावी सायन्सच्या पोरीसुद्धा पहिल्यांदा हे करताना आकडा विसरतात. तू फवारणीला पंपामागे किती एमएल औषध घ्यायचं हे काढतेसच ना, तसाच हिशोब आहे, फक्त इथं चुकलं तर माणूस आहे समोर. इंग्रजीसाठी आतापासूनच रोज शरीराच्या अवयवांचे चार शब्द पोरीसोबत बसून लिही, तिचाही अभ्यास होईल.

खरी अडचण घराची आहे आणि ती गोड बोलून सुटत नाही. हजेरी कडक असते, ८० टक्क्यांखाली गेलीस तर परीक्षेला बसू देत नाहीत, आणि वॉर्डातली ड्यूटी बुडाली तर ती नंतर पूर्ण भरून काढल्याशिवाय सर्टिफिकेट नाही. म्हणजे कापूस वेचायच्या दिवसांत "आठ दिवस घरी येऊन जा" हे चालणार नाही, हे आत्ताच सगळ्यांना बसवून सांग. त्यात सासरे अंथरुणावर. त्यांची कूस कोण बदलणार? दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर कंबरेवर जखम होते, हे तुला माहितीच आहे, आता ते मिस्टरांना शिकव, तू समोर उभी राहून त्यांच्या हातून करून घे. अर्ज भरायच्या आधी पंधरा दिवस त्यांनी हे करून बघू दे. जमलं तर पुढे जा. नाही जमलं तर दीर-जाऊ, नणंद, कोण किती वेळ देणार ते ठरव. "बघू" म्हणणारं माणूस धरू नको.

जवळ कॉलेज असेल तर जाऊन-येऊन करता येतं का तेही विचार, मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट आहे, पण बऱ्याच ठिकाणी हॉस्टेल सक्तीचं असतं आणि नाइट ड्यूटी आली की एसटीचा उपयोग नाही.

कागदांचं सगळ्यात आधी सुरू कर, कारण बायकांचं तिथंच घोडं अडतं. मार्कशीट माहेरच्या नावावर, आधार सासरच्या नावावर. लग्नाची नोंदणी झाली नसेल तर ग्रामसेवकाकडे करून दाखला घे. जातीचा दाखला वडिलांकडूनच निघतो, आणि नॉन-क्रिमीलेयरला उत्पन्नही आईवडिलांचं बघतात, नवऱ्याचं नाही, म्हणून माहेरी एक चक्कर होईलच. एससी-एसटी असशील तर उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास सरकारच्या महाडीबीटी वेबसाइटवर स्कॉलरशिप आहे. ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षण), ईडब्ल्यूएस (खुल्या वर्गातले आर्थिक दुर्बल) यांच्या मुलींना ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर २०२४ पासून व्यावसायिक कोर्सची शिक्षण आणि परीक्षा फी माफ केली आहे, ती तुझ्या कॉलेजला आणि तुझ्या कोर्सला लागू आहे का हे पैसे भरायच्या आधी लेखी विचारून घे. तोंडी नको.

प्रश्न: मी गडचिरोली जिल्ह्यातली, दहावी पास, वय २७, एक मुलगी आहे. अकरावीत शाळा सुटली. मला पण सिस्टर व्हायचं आहे, होईल का?

उत्तर: होईल, पण आधी बारावी. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून घरी राहून परीक्षा देता येते, जवळच्या ज्युनियर कॉलेजात विचार, फॉर्मची तारीख पावसाळ्याच्या आसपास निघते, ती चुकवू नको. इंग्रजी विषय घेच. वय तुझ्या बाजूनं आहे. आणि घरी गोंडी किंवा माडिया बोलत असशील तर ते लपवू नको, आदिवासी भागात ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र धरतात, बाकी ठिकाणी ५ हजारांमागे, आणि तिथं येणाऱ्या गरोदर बाईला तिच्या बोलीत विचारणारी सिस्टर कमीच असते.

प्रश्न: बायको जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलला राहते. गावात लोक नाही नाही ते बोलतात. पोरगा रात्री रडतो. तिला परत बोलावू का? (वर्धा जिल्हा)

उत्तर: भाऊ, दुसऱ्या वर्षातून परत बोलावलं तर फी गेली, वर्षं गेली, आणि ती पस्तिशीच्या पुढे असेल तर पुन्हा प्रवेशही नाही. लोकांना तिच्या ड्यूटीची वेळ माहीत नसते म्हणून ते बोलतात, त्यांना उत्तर देत बसू नका. पोराचं मात्र मनावर घ्या. त्याच्या फोनची वेळ ठरवून टाका, रोज तीच, आणि तिची नाइट असेल त्या आठवड्यात ती वेळ बदलेल हे त्याला आदल्या दिवशी सांगा. रविवारी त्याला तिकडं घेऊन जा. आणि ती सुट्टीला घरी आली की पहिला दिवस तिला झोपू द्या, त्या दिवशी पाहुणे बोलावून पुरणपोळीचा घाट घालू नका.