मार्केट रिसर्चला पैसे नसतील, तर मोठ्या ब्रँडसमोर आपला माल कसा उभा करायचा?

चिक शाम्पूचं उदाहरण नीट बघा. सी. के. रंगनाथन यांनी 1983 मध्ये तमिळनाडूतल्या कडलूरला अवघ्या 15 हजार रुपयांत धंदा सुरू केला. समोर बड्या कंपन्या. त्यांनी गावोगावी जाऊन लोकांदेखत एखाद्या पोराचे केस धुऊन दाखवले, मग हात फिरवून बघा म्हणाले. पुढे योजना काढली: कुठल्याही शाम्पूच्या पाच रिकाम्या पुड्या आणा, चिकची एक फुकट न्या. मला ही चाल फार आवडते. कारण रिकामी पुडी आणणारा माणूस शाम्पू वापरतो हे आधीच सिद्ध झालेलं असतं, फुकटचा माल भलत्याच्या हाती जात नाही. सवय लागल्यावर अट बदलली, पाचही पुड्या चिकच्याच हव्यात.

तुम्ही चार दिवस ओळखीच्या किराणा दुकानात उभे राहा, संध्याकाळी सहा ते नऊ. गिऱ्हाईक ब्रँडचं नाव घेतं की नुसतं ‘ती दहावाली द्या’ म्हणतं, एवढंच वहीत लिहा. ‘दहावाली’ मागणारे अजून कुणाचेच झालेले नाहीत. पहिली पुडी त्यांच्यासाठी काढा.