जोहान्सबर्गमध्ये गाडी चालवताना कारजॅकिंगपासून कसं वाचायचं?

तुमच्या यजमानांची बदली जोहान्सबर्गला झाली आहे, दोन लहान मुलं सोबत आहेत आणि तिथे गाडी चालवावी की नाही, असं तुम्ही विचारलंय. मी इथे नऊ वर्षं राहते. चालवा, गाडीवाचून इथे भागत नाही. पण धोका भर रस्त्यापेक्षा स्वतःच्या फाटकापाशी जास्त असतो, हे आधी मनात पक्कं करा.

2022-23 मध्ये दक्षिण आफ्रिकेत 22 हजारांहून जास्त गाड्यांचं कारजॅकिंग झालं, म्हणजे चालकाला धाक दाखवून त्या पळवल्या गेल्या, त्यातल्या निम्म्याच्या आसपास जोहान्सबर्ग ज्यात येतं त्या गौतेंग प्रांतात.

माझी गाडी गेली ती जुलैत. इथला हिवाळा, सहालाच काळोख. फोर्ड्सबर्गहून डाळी आणि कढीपत्ता घेऊन आले, गाडी फाटकासमोर वळवून उभी केली, रिमोट दाबला. फाटक सरकायला पंधरा सेकंद लागतात. तेवढ्यात मागे एक गाडी आडवी लागली, दोघं उतरले, एकाने पिस्तूल काचेला टेकवलं. मी घाबरून बेल्ट सोडायला हात खाली नेला आणि तो जोरात ओरडला. मी हत्यार काढतेय असं त्याला वाटलं. माझा जीव जाणार होता तो गाडीपायी नव्हे, त्या खाली गेलेल्या हातापायी.

म्हणून आधी दोन्ही हात वर, त्यांना दिसतील असे. ‘बेल्ट सोडतेय’ हे इंग्रजीत मोठ्याने सांगा, मग डाव्या हाताने सावकाश सोडा. इंजिन चालूच राहू द्या. पर्स, फोन, काही मागू नका. फक्त मुलं मागे आहेत हे सांगा. धाकट्याची सीट तुमच्या बरोबर मागे बसवा, उतरल्याबरोबर ते दार हाताशी येतं. थोरल्याला ‘चल’ म्हटलं की स्वतःच बेल्ट काढून उतरायची सवय लावा. आम्ही घरी याचा सराव केलाय.

आता मी फाटक पूर्ण उघडेपर्यंत रस्त्याच्या कडेलाच, रस्त्याला समांतर थांबते. मागे गाडी दिसली तर वळतच नाही, पुढून फेरी मारून येते.

सिग्नलला (इथे त्याला ‘रोबॉट’ म्हणतात) पुढच्या गाडीची मागची चाकं जमिनीला टेकलेली दिसतील एवढं अंतर ठेवा, म्हणजे बाजूने निघता येतं. पर्स निघतानाच डिकीत. मॉलमध्ये रिमोट दाबल्यावर दार ओढून बघा, कारण चोर जॅमर (रिमोटचा सिग्नल अडवणारं यंत्र) लावून लॉक लागूच देत नाहीत. निळा दिवा लावून कोणी थांबवलं आणि शंका आली, तर हॅझर्ड (चारही इंडिकेटर) लावून हळूहळू पोलीस ठाण्यापर्यंत किंवा गजबजलेल्या पेट्रोल पंपापर्यंत जा आणि 10111 हा पोलिसांचा नंबर फिरवा. खोटे पोलीस इथे खरोखर असतात.

आणि येतानाच एक करा. ओ. आर. टॅम्बो विमानतळावर जास्त रोकड बदलून घेऊ नका, तिथूनच पाठलाग होतो. मंगळसूत्र आणि बांगड्या अंगावर ठेवू नका, हे सांगताना मलाही वाईट वाटतं. जोहान्सबर्गच्या सँडटन भागात उतरणार असाल तर गौट्रेन या जलद रेल्वेने या, पंधरा मिनिटांत पोचाल. मुलं पेंगुळलेली असतील, सामान खूप असेल, तर आधी ठरवून ठेवलेलीच गाडी घ्या, बाहेर येऊन विचारणाऱ्या कोणाचीही नको.